रविवारचं पान

१

नोंदवहीतलं एक पान नव्हतं.

मंदाकिनी आठल्ये यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पानं उलटली. शनिवारच्या नोंदी होत्या, त्यानंतर थेट सोमवारच्या. मधल्या ज्या एका रविवारासाठी त्या सकाळी सात वाजता चहासुद्धा न घेता इथे आल्या होत्या, तो वहीतून नाहीसा झाला होता. पान फाडलेलंही नव्हतं. फाडलं असतं तर शिवणीपाशी कागदाचे दाते राहिले असते. कुणीतरी पट्टी धरून, ब्लेडनं, सरळ रेषेत ते कापून काढलं होतं.

"रणजित, हे कधी झालं?"

रणजित मैदानाच्या फाटकावर बसायचे. पन्नाशीचे, अबोल. वहीत कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव, यायची-जायची वेळ लिहिणं हे त्यांचं काम.

"मला काय ठाऊक, मॅडम. वही कपाटात असते. कपाटाला कुलूप असतं."

"चाव्या किती?"

"तीन. माझ्याकडं, परचुरेसाहेबांकडं आणि तुमच्याकडं."

"म्हणजे तिघांतला एक चोर, आणि त्यातली एक मी. सोपंच झालं म्हणायचं."

रणजित हसले नाहीत. मंदाकिनीबाईंनाही हसू आलं नव्हतं.

कोथरूडच्या त्या नाल्याकाठच्या पाऊण एकरात सात वर्षांपूर्वी राडारोडा होता. नगररचना खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेल्या दीनानाथ परचुऱ्यांनी दोन वर्षं खेटे घालून तिथे कुत्र्यांसाठी मैदान मिळवलं. चारही बाजूंनी जाळी, आणि आत आलं की कुत्र्याचा पट्टा सोडायचा. लोक त्याला 'मोकळीक' म्हणायला लागले. दीनानाथराव अध्यक्ष आणि सरकारी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेल्या मंदाकिनीबाई सचिव. त्यांचं स्वतःचं कुत्रं आता नव्हतं, पण इथल्या प्रत्येक कुत्र्याचे दात त्यांना पाठ होते.

आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी दीनानाथरावांच्या सात वर्षांच्या नातीला, स्पृहाला, हाताला कुत्रं चावलं. सकाळी साडेआठ वाजता, मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात, तांबडं कुत्रं अंगावर आलं, असं दीनानाथरावांनी सांगितलं. त्यांच्या मुलानं, आमोदनं, दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार केली. तांबडं कुत्रं मैदानात एकच यायचं. भाजी विकणाऱ्या बायडाबाईंचा तांब्या. मंगळवारी एका संस्थेची गाडी येऊन तांब्याला निरीक्षणासाठी घेऊन गेली, आणि फाटकावर नोटीस लागली: परवानगी रद्द का करू नये, गुरुवारी सुनावणी.

मंदाकिनीबाई त्या रविवारी मुळशीकडे लसीकरण शिबिरात होत्या. तिथे दीनानाथरावांचे दोन फोन आले होते. सकाळी त्यांच्या कुत्र्याला, कॅप्टनला, रेबीजची लस कधी टोचली होती ते विचारायला, परवान्याचा फॉर्म भरायचाय म्हणून. आणि संध्याकाळी ही बातमी सांगायला. साऱ्या कोथरूडला दीनानाथरावांची कीव आली. मैदान त्यांचं, नात त्यांची आणि तक्रार करणारा मुलगाही त्यांचाच.

मंदाकिनीबाईंना मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तक्रारीला जोडलेल्या फोटोत चार सुळ्यांच्या चार स्वच्छ खुणा होत्या. तांब्याचा वरचा डावा सुळा तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः काढला होता. त्यांनी हे क्षेत्रीय कार्यालयातल्या साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "मग दुसरं कुत्रं असेल. मैदान तेच ना?"

म्हणून वही हवी होती.

"मॅडम," रणजित खाली बघत म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मागल्या सोमवारी समर्थदादा खोलीत आले होते. मी चहा आणायला गेलो, तेव्हा वही त्यांच्या हातात होती."

२

मैदानाला लागून समर्थचं मंगल कार्यालय होतं. ही सगळी जमीन एकेकाळी त्याच्या आजोबांची, आप्पासाहेबांची. गाव शहरात आलं तेव्हा निम्मी जमीन आरक्षणात गेली. उरलेल्या निम्म्यात लग्नं लागायची आणि वऱ्हाडाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहायच्या. नाल्याकाठचा तुकडा पार्किंगला द्यावा, असा अर्ज समर्थ दरवर्षी करायचा.

तो मांडववाल्याला ओरडत होता. मंदाकिनीबाईंना बघून त्यानं खुर्ची पुढे केली.

"या डॉक्टर मॅडम. बंद होतंय म्हनं तुमचं कुत्र्यांचं माहेरघर."

"गुरुवारी कळेल. रविवारचं पान कुठे आहे?"

"कोनतं पान?"

"वहीतलं. कापून नेलंय कुणीतरी."

समर्थचा चेहरा पडला. तो खोटं बोलत नाही, हे मंदाकिनीबाईंना त्या पडलेल्या चेहऱ्यावरून कळलं. चोरी उघडी पडल्याची भीती त्यात नव्हती. आपलंच काही हरवल्यासारखा तो दिसत होता.

"मी कशाला कापीन? मला तर ते पान पायजे हाय. परवानगी किती कुत्र्यांची? तीस. त्या रविवारी आत किती? चौतीस. हेच मी साहेबांच्या टेबलावर ठेवनार हाय. आता वहीत पानच नाय म्हनल्यावर साहेब म्हनतील, समर्थ, तू बनवून आनलंय."

"म्हणजे तुमच्याकडे त्याची प्रत आहे."

समर्थनं मोबाइल काढला. "बघा. पाठवनार मात्र नाय."

रणजितचं गोल अक्षर ओळखीचं होतं. मंदाकिनीबाईंनी बोटांनी फोटो मोठा केला. पहिल्या पाचांतच तांब्या होता. आत सहा दहाला, बाहेर सातला, शेजारी बायडाबाईंचा अंगठा. म्हणजे साडेआठला तांब्या मैदानात नव्हताच. बायडाबाई पहिल्या दिवसापासून हेच सांगत होत्या. सातला मी भाजीच्या गाडीवर असते, म्हणत होत्या. कुणी ऐकलं नव्हतं.

मंदाकिनीबाईंना सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी सवयीनं उरलेली नावंही वाचली. पाठची बाजू वाचली. पुन्हा वरपासून वाचली.

"काय घावलं?" समर्थनं विचारलं.

"तुमच्या कामाचं नाही."

त्या परत फाटकाशी आल्या. "रणजित, अध्यक्षांच्या कुत्र्याची नोंद करता का तुम्ही? की साहेब म्हणून सोडून देता?"

"छे. साहेबांचाच हुकूम आहे. पहिली नोंद माझी करायची, म्हणजे दुसऱ्यांना बोलायला जागा राहत नाही."

"त्या रविवारी साहेब आले होते?"

"आले असतील की. रोज येतात." रणजित आठवू लागले आणि त्यांना काही आठवेना. "रोज येणाऱ्या माणसाचं ध्यानात राहत नाही, मॅडम."

चौतीस कुत्र्यांत कॅप्टन नव्हता. आणि चौतीस मालकांत दीनानाथ परचुरे हे नाव नव्हतं.

३

मंगळवारी दुपारी मंदाकिनीबाई परचुऱ्यांच्या घरी गेल्या. दीनानाथराव त्या वेळी वाचनालयात असतात, हे त्यांना माहीत होतं.

दार आमोदनं उघडलं. कानाला हेडफोन, हातात मोबाइल. त्याचं ऑफिस हिंजवडीत होतं, पण स्पृहासाठी तो या आठवड्यात घरून काम करत होता. बायको वल्लरी आईच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस नाशिकला होती.

"मावशी, तक्रार मागे घे म्हणायला आला असाल तर प्लीज नको. माझं डिसिजन झालंय."

"जखम बघायला आलेय. तेवढं येतं मला."

स्पृहानं हात पुढे केला. मनगटाच्या वर, दोन खाली, दोन वर. जखम सुकत होती.

"दुखतं का गं?"

"थोडंसं."

"तू त्या दिवशी कुठे होतास?" त्यांनी आमोदला विचारलं.

"ऑफिसला. रिलीज होतं, पहाटे पाचला निघालो होतो. बाबांनी फोटो पाठवला, तसा लगेच फोन लावला मी." त्यानं मोबाइल समोर धरला. "तक्रारीला मी फक्त हाताचा भाग कापून लावलाय. हा पूर्ण. नऊ वीसला आलेला. बघा तिचा चेहरा."

मंदाकिनीबाईंनी चेहरा पाहिला. रडून सुजलेला. मग त्यांनी बाकीचं पाहिलं. मुलीच्या अंगात पेटीकोट होता. खांद्यावर पंचा होता. आणि केस तेलानं निथळत होते. कपाळावर तेलाचा ओघळ चमकत होता.

"रविवारी न्हायला कोण घालतं हिला?"

"एरवी वल्लरी. आता बाबाच घालतात. तेल लावून, अगदी साग्रसंगीत." आमोद क्षणभर मऊ झाला. मग त्यालाच त्याचा राग आला. "मावशी, बाबांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःच्याच मैदानाविरुद्ध ते खोटं कशाला बोलतील? यू टेल मी."

प्रश्न बरोबर होता.

गॅलरीत कॅप्टन बांधलेला होता. अकरा वर्षांचा लॅब्रडॉर, एका डोळ्यात मोतीबिंदू. या घरात त्याला साखळी त्यांनी कधी पाहिली नव्हती. कॅप्टनच्या पोटावर डोकं ठेवून स्पृहा टीव्ही बघायची. आता ती गॅलरीच्या उंबऱ्याशी आली, हातातलं बिस्किट तिनं लांबूनच भिरकावलं आणि मागे सरली. कॅप्टनला बिस्किट दिसलं नाही. तो हुंगत राहिला.

"साखळी कुणी घातली?"

"बाबांनीच. म्हणाले, जखम भरेपर्यंत लांब राहू दे."

मंदाकिनीबाई उकिडव्या बसल्या. स्पृहा त्यांच्याकडे बघत होती. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मुलीचे ओठ तयारच होते. पण सात वर्षांच्या पोरीला आजोबांविरुद्ध साक्षीला उभी करायची, तर मग सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं मुक्या जनावरांचं निदान केलं ते कशासाठी? त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला आणि त्या उठल्या.

जिन्यात असतानाच फोन वाजला. ज्या संस्थेत तांब्याला ठेवलं होतं, तिथून होता.

"मॅडम, ते तांबडं कुत्रं सकाळी गेलं. मालकिणीला तुम्ही सांगता का? त्या फोनवर फार रडतात."

४

बायडाबाई बस डेपोजवळच्या गाडीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मंदाकिनीबाईंना येताना पाहून त्यांचे हात थांबले. काही सांगायची गरज पडली नाही.

"कशानं?"

"तिथे आजारी कुत्री होती. त्यातून साथीचा ताप लागला. त्यांनी प्रयत्न केले म्हणतात."

"पानी प्यायला का त्यो?"

"ते मी विचारलं नाही, बायडाबाई."

बायडाबाईंनी जुडी खाली ठेवली. एक गिऱ्हाईक कोथिंबीर विचारायला आलं, त्याला त्यांनी हातानंच नाही म्हटलं.

"तांब्या चावला नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही सातलाच गेला होतात. मी लिहिलेलं पाहिलंय."

हे ऐकून बायडाबाईंना बरं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. बायडाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला.

"न्हाई चावला?"

"नाही."

"डॉक्टरीनबाई, मी मारलं त्याला. मागल्या मंगळवारी, गाडी यायच्या आदी. समदे म्हनत व्हते, तुझ्या कुत्र्यानं पोरीचा हात फोडला. मलाबी वाटाया लागलं, मी निघाल्यावर गेला असंल परत, जाळीखालनं. काठीनं मारलं. त्यो पळालासुदिक न्हाई. तसाच बसला. गाडीत घातला तवा वळून बगितलं न्हाई त्यानं माझ्याकडं."

मंदाकिनीबाईंनी खाली ठेवलेली मेथीची जुडी उचलली आणि बांधायला घेतली.

"मंग कोन चावलं?" बायडाबाईंनी विचारलं.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "आधी मला एका माणसाशी बोलायचंय."

५

बुधवारी दुपारी मैदान रिकामं होतं. बाकावर दीनानाथराव बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सुनावणीत काय बोलायचं ते त्यांनी कागदावर काढून आणलं होतं.

"मंदाताई, ऐका जरा. सुरुवात कशी वाटते बघा."

"आधी मी बोलते. नंतर तुम्ही वाचा, वाचावंसं वाटलं तर."

त्यांनी आवाज चढवला नाही.

"पान कापलंय, फाडलेलं नाही. रणजित वैतागला तर ओरबाडून काढेल. समर्थला तर ते पान हवंच होतं. त्याच्याकडे फोटो आहे. तिसरी चावी माझी. उरलात तुम्ही. कागद फाडणं तुमच्या हाताला जमतच नाही, दीनानाथराव. जन्मभर पट्टी धरून कापलात."

"त्यावरून तुम्ही..."

"थांबा. पानात तांब्या आहे, सातला बाहेर पडलेला. पण पान त्याच्यासाठी गेलं नाही. पानात तुम्ही नाही, कॅप्टन नाही, स्पृहाही नाही. त्या दिवशी तुम्ही इथे आलाच नव्हता. आमोदला पाठवलेल्या फोटोत मुलीच्या केसांना तेल आहे, अंगावर पंचा आहे. तेल लावलेल्या मुलीला पेटीकोटवर कुणी मैदानात आणत नाही. आणि कुत्रं चावल्यावर मुलीच्या डोक्याला तेल घालत कुणी बसत नाही. ती घरी होती. घरात कुत्रं एकच आहे."

दीनानाथरावांनी कागदाची घडी घातली. तिच्या कडा बोटानं दाबल्या.

"आणि त्याच सकाळी साडेनऊला तुम्ही मला फोन केलात. कॅप्टनला रेबीजची लस कधी टोचली म्हणून. परवान्याचा फॉर्म रविवारी सकाळी कोण भरतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण विचारणारे तुम्ही होतात, म्हणून मी विचार केला नाही."

दीनानाथरावांनी घडी घातलेला कागद खिशात ठेवला.

"तिनं त्याच्या ताटलीत हात घातला," दीनानाथराव म्हणाले. "मी तेलाची वाटी ठेवायला आत गेलो होतो. त्या बाजूनं त्याला दिसत नाही हो. घाबरला तो. एकदाच धरलं आणि सोडलं."

"मग हे आमोदला सांगायचं."

"दिवाळीत तो नुसता गुरगुरला होता, तर आमोद म्हणाला, पुन्हा असं झालं तर याला फार्मवर पाठवीन. मंदाताई, त्या घरात मी काही बोललो तर सगळे मोबाइलमधून मान वर करतात आणि पुन्हा खाली घालतात. तो एकटा ऐकतो." त्यांनी चष्मा काढला. "फोनवर आमोद ओरडला, कुणाचं कुत्रं, कुणाचं कुत्रं. माझ्या तोंडून गेलं, मैदानात, तांबडं कुत्रं. मला वाटलं, रस्त्यावरचं एखादं समजेल, विषय संपेल. मी बायडाबाईंचं नाव घेतलं नव्हतं."

"मैदानात तांबडं कुत्रं एकच येतं. तुम्ही रोज बघता त्याला."

"तो तक्रार करेल असं वाटलं नव्हतं."

"केली तेव्हा?"

ते शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत राहिले.

"तांब्या काल सकाळी मेला," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दीनानाथरावांनी ऐकलं. त्यांचा हात चष्म्यासकट मांडीवर पडला. ते रडले असते तर मंदाकिनीबाईंना कदाचित सोपं गेलं असतं. पण ते म्हणाले, "म्हणजे आता तो परत यायचा प्रश्नच नाही. मग सांगून कुणाचं भलं होणार आहे? मैदान आपण दुसरीकडे मिळवू. मी खेटे घालीन. कॅप्टन वर्षभराचा सोबती आहे. तेवढं वर्ष मला द्या."

सात वर्षं ज्या माणसाबरोबर त्यांनी निवेदनं लिहिली, सह्या गोळा केल्या, उन्हात रांगा लावल्या, त्याच्याकडे मंदाकिनीबाई बघत राहिल्या.

"उद्या अकरा वाजता सुनावणी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलंत तर मी एक अक्षर बोलणार नाही."

दीनानाथरावांनी मान डोलावली.

६

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, पण तो साहेबांच्या टेबलापुरताच फिरत होता. समोर मैदानातली दहा-बारा मंडळी, एका बाजूला आमोद, दुसऱ्या बाजूला समर्थ. बायडाबाई दाराबाहेर उभ्या होत्या. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या.

समर्थनं पानाचे दोन्ही फोटो छापून आणले होते. "साहेब, परवानगी तिसाची, आत चौतीस. मोजून घ्या." साहेबांनी मोजले आणि कागद फायलीत ठेवले. आमोदनं तक्रार वाचून दाखवली. मग साहेब म्हणाले, "अध्यक्ष कोण? बोला."

दीनानाथराव उठले. त्यांनी घडी उलगडली. ते छान बोलले. नेहमीच छान बोलायचे. सात वर्षांची हकिगत, म्हातारी माणसं, एकटी राहणारी माणसं, गल्लीतली कमी झालेली भांडणं. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला.

"माझ्याच नातीला इजा झाली, तरी मी विनंती करतो. एका तांबड्या कुत्र्यापायी सगळ्यांना शिक्षा नको."

ते बसले. मंदाकिनीबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. मागे कुणीतरी डोळे पुसले.

मंदाकिनीबाई उठल्या.

"साहेब, समर्थनी दिलेलं पान पुन्हा काढा. त्यात दीनानाथ परचुरे हे नाव शोधा."

साहेबांनी बोट फिरवलं. उलटून फिरवलं. "नाही."

"रोजची पहिली नोंद त्यांची असते. त्या दिवशी नाही. आमोद, तुझ्या मोबाइलमधला तो पूर्ण फोटो काढ. स्पृहाच्या केसांकडे बघ. खांद्यावरचा पंचा बघ. आणि मला सांग, ती कुठे होती."

आमोदनं मोबाइल काढला. तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत होता. हाच फोटो त्यानं दहा दिवस रोज पाहिला असेल, पण जखमेपलीकडे त्याची नजर गेली नव्हती. मग त्यानं मान वर केली.

"बाबा?"

दीनानाथराव टेबलाच्या पायाकडे बघत होते.

"बाबा, कॅप्टन?"

आमोद साहेबांच्या टेबलाशी गेला, त्यानं कोरा कागद मागितला आणि उभ्यानंच तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. सही करताना पेन कागदात रुतलं.

पाव तासात निकाल झाला. परवानगी एक वर्ष वाढवली. तिसाच्या वर एक कुत्रं आत दिसलं तर रद्द. समर्थ जाताना मंदाकिनीबाईंपाशी थांबला.

"तुमचं मैदान माझ्याच कागदानं वाचलं म्हना की." त्याला हसायचं होतं, पण बाहेर पायऱ्यांवर एकट्याच बसलेल्या दीनानाथरावांना बघून त्यानं ते गिळलं.

७

सुनावणीनंतरच्या रविवारी आमोदनं कॅप्टनला गाडीत घातलं आणि तो त्याला मुळशीपलीकडच्या एका फार्मवर सोडून आला. दीनानाथरावांनी अध्यक्षपदाचा राजीनामा रणजितच्या हाती पाठवला. पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ ओळी, खाली चावी. त्यानंतर ते मैदानाकडे फिरकले नाहीत, आणि रस्त्यात दिसले तरी मंदाकिनीबाईंना बघून पलीकडच्या बाजूला जाऊ लागले.

मैदानात पहिल्या दिवशी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. पेढे खाणाऱ्यांपैकीच एक बाई म्हणाल्या, "झालं ते झालं, पण चारचौघांत म्हाताऱ्या माणसाची अब्रू काढायला नको होती. घरात बसून मिटवता आलं असतं."

"तुम्ही उद्यापासून तुमचा कुत्रा घरातच फिरवा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तेही मिटेल."

पण ते त्यांना लागलं. रात्रभर त्यांनी स्वतःलाच विचारलं, बुधवारी संध्याकाळी आमोदला एकट्याला गाठून सांगता आलं नसतं का? आलं असतं. मग सांगितलं का नाही? दीनानाथराव स्वतः बोलतील असं त्यांना वाटलं होतं म्हणून. सात वर्षांत माणूस ओळखल्याचा भरवसा होता म्हणून. त्या भरवशाची किंमत आता दोघंही देत होते.

सोमवारी त्या बायडाबाईंच्या गाडीवर गेल्या आणि सगळं सांगितलं. कुणाचं कुत्रं, कसं, का. बायडाबाईंनी शिवी दिली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मंग त्या कागदातनं तांब्याचं नाव निगालं का?"

मंदाकिनीबाईंनी पिशवीतून निकालाची प्रत काढली. तक्रारदाराने तक्रार मागे घेतल्याने प्रकरण निकाली. एवढंच होतं. खाली जोडलेल्या तक्रारीत मात्र जसंच्या तसं होतं: चावा घेणारे कुत्रे, तांबडे, बायडाबाई यांच्या मालकीचे. ज्या दिवशी सगळ्यांनी खरं ऐकलं, त्या दिवशी ते लिहून घ्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

"नाही निघालं," त्या म्हणाल्या.

तिथून त्या थेट क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. बाकावर बसून अर्ज लिहिला आणि खिडकीशी दिला. कारकुनानं तो दोनदा वाचला.

"म्हणजे कुत्र्याचं नाव काढायचंय?"

"हो."

"कुत्रं हयात आहे का?"

"नाही."

"मग आता नाव काढून काय उपयोग, आजी?"

"अर्ज घ्या, शिक्का मारा आणि पोच द्या. उपयोगाचं मी बघते."

त्या दर सोमवारी जात राहिल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर होते, दुसऱ्यांदा फाईल वर गेली होती, तिसऱ्यांदा ती खाली आली होती पण सापडत नव्हती. पाचव्या सोमवारी साहेबांनी वैतागून अर्ध्या पानाचं पत्र दिलं: सदर घटनेशी बायडाबाई यांचे तांब्या नावाचे कुत्रे यांचा कोणताही संबंध आढळून आलेला नाही, तशी नोंद मूळ तक्रारीवर घेण्यात आली आहे.

संध्याकाळी गाडीवर गर्दी होती. सोसायट्यांमधल्या बायका होत्या, मैदानातले दोघं-तिघं होते. त्या दिवसांत याच सगळ्यांनी इथे उभं राहून बायडाबाईंना ऐकवलं होतं. मंदाकिनीबाईंनी पत्र त्यांच्या हातात दिलं. बायडाबाईंनी ओला हात पदराला पुसला, पत्र उलटं-सुलटं पाहिलं आणि परत दिलं.

"मला वाचता येत न्हाई. वाचा तुमीच."

मंदाकिनीबाई जवळ सरकून हळू आवाजात वाचू लागल्या.

"तसं न्हाई," बायडाबाई म्हणाल्या. "मोठ्यांदा वाचा. हितं समद्यांस्नी ऐकू जाऊ द्या."

मंदाकिनीबाईंनी चष्मा नीट केला आणि जावक क्रमांकापासून, तारखेपासून, एकही शब्द न गाळता वाचायला सुरुवात केली. मेथी कशी दिली, असं मधे कुणीतरी विचारलं. बायडाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. वाचून होईपर्यंत त्यांनी कुणालाच भाजी दिली नाही.